पुण्याहून युटाच्या भेगांकडे: वालुकाश्मावरच्या क्रॅक चढाईची क्रमवार तयारी

सह्याद्रीतले सुळके वर्षानुवर्षं चढलेली, शहरातल्या कृत्रिम भिंतीवर भल्याभल्यांना मागे टाकणारी माणसं युटाच्या वाळवंटात जातात आणि पहिल्याच ५.९ ग्रेडच्या (अमेरिकन काठिण्य-श्रेणीत मध्यम) क्रॅकमध्ये, म्हणजे कातळातल्या भेगेत, अर्ध्यावर दोराला लटकतात. ताकद कमी पडते म्हणून असं होत नाही. तयारीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी तिकीट काढलं जातं, मग सामान घेतलं जातं, आणि सराव ‘तिथे गेल्यावर होईलच’ या भरवशावर सोडला जातो. एवढा खर्च करून गेलेली मंडळी निम्मे दिवस बोटांना मलम लावत तंबूत बसतात, हे बघवत नाही.

पुढचा सगळा क्रम इंडियन क्रीक हे ठिकाण धरून लिहिला आहे. तुम्हाला लीड चढाई (खालून दोर घेऊन, वाटेत आधार लावत पहिल्याने चढणं), बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) आणि अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) बांधणं येतं असं गृहीत धरलं आहे. ते येत नसेल तर एखाद्या जाणत्या संस्थेत रीतसर शिका, नंतर इकडे या. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा: तिथे चढाई किती अवघड हे ग्रेडपेक्षा भेगेची रुंदी आणि तुमच्या पंजाची जाडी यांवर ठरतं.

## १. आधी महिना, मग तिकीट

इंडियन क्रीक युटा राज्याच्या आग्नेय भागात, मोआब गावाच्या दक्षिणेला, बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत आहे. चढाईचे हंगाम दोन: मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. उन्हाळ्यात भिंती तापतात, हिवाळ्यात बोटं गोठतात.

बरेच चढाईकार शरद ऋतूला पसंती देतात. पुण्यातून जाणाऱ्यांनी मात्र मार्चअखेर ते एप्रिल हाच काळ धरावा, असं माझं ठाम मत आहे. कारण आपला पावसाळा. ऑक्टोबरमध्ये जायचं ठरवलं तर त्याआधीचे चार महिने इथला कातळ ओला आणि शेवाळलेला असतो, आणि ऐन गरजेच्या वेळी खऱ्या दगडाला हात लागत नाही. वसंतात जायचं असेल तर दिवाळीपासून होळीपर्यंत सलग कोरडा कातळ मिळतो. ऑक्टोबरशिवाय रजा मिळतच नसेल तर खऱ्या दगडावरचा सराव मेपर्यंत उरका आणि पावसाळाभर लाकडी भेगेवर काम करा. तिची कृती तिसऱ्या टप्प्यात आहे.

वसंतातली एक अडचण आधीच माहीत असू द्या. साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात सोनेरी गरुड, बहिरी ससाणा असे पक्षी काही भिंतींवर घरटी करतात, आणि त्या भिंती टाळायची विनंती तिथलं जमीन व्यवस्थापन खातं करतं. कोणत्या भिंती टाळायच्या त्याची यादी दरवर्षी बदलते. निघण्याच्या आठवड्यात ती पुन्हा बघा.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची मुलाखत आपल्याला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत द्यावी लागते. तारीख मिळायला महिनोन् महिने लागू शकतात. म्हणून व्हिसाचं काम वर्षभर आधी सुरू करा आणि तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

जॉर्डनमधलं वादी रम काहींना जवळचं म्हणून सोपं वाटतं. पण तिथे भिंती उंच, वाट शोधण्याचं काम मोठं, दगड जागोजागी मऊ आणि उतरण्याच्या वाटा गुंतागुंतीच्या आहेत. क्रॅक शिकण्याच्या पहिल्या सहलीसाठी ती जागा नाही.

## २. पंजा मोजा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा व्हर्नियर कॅलिपर घ्या. चार बोटं जुळवून पंजा सपाट धरा आणि बोटांच्या मुळाशी, गाठींवर जाडी मोजा. मग अंगठा तळहातात दुमडून घ्या आणि पंजा फुगतो तिथे पुन्हा मोजा. समजा पहिलं माप २८ मिलिमीटर आलं आणि दुसरं ५०. तर साधारण ३८ ते ५० मिलिमीटरच्या भेगेत तुमचा पंजा घट्ट बसेल. त्याहून अरुंद भेगेत पंजा नीट फुगवता येणार नाही, आणि २८ च्या खाली फक्त बोटं जातील. त्याहून रुंद भेगेत पंजा वाकवून धरावा लागेल, आणि आणखी रुंद झाली की मूठ.

आता हे माप कॅमच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पाकळ्यांनी भेगेत अडकून दोराला आधार देणाऱ्या उपकरणाच्या, भाषेत आणा. ब्लॅक डायमंडच्या सी-४ कॅममध्ये १ नंबरचा लाल कॅम साधारण ३० ते ५२ मिलिमीटर उघडतो, २ नंबरचा पिवळा ३७ ते ६५, आणि ३ नंबरचा निळा ५१ ते ८८. ज्या भेगेत पिवळा कॅम निम्म्याहून थोडा जास्त दाबून बसतो, ती मध्यम पंजाच्या माणसाला सर्वांत सुखाची. लहान पंजाच्या व्यक्तीला तेच सुख लाल कॅमच्या भेगेत मिळतं.

यामुळे ग्रेडचा अर्थ बदलतो. इंडियन क्रीकमधल्या सुपरक्रॅक बट्रेस या भिंतीवरच्या ‘इन्क्रेडिबल हँड क्रॅक’ला ५.१० ग्रेड आहे. मोठ्या पंजाच्या माणसाला तो मार्ग ग्रेडपेक्षा सोपा वाटतो. लहान पंजाच्या व्यक्तीला तिथे दर पावलाला पंजा फुगवून धरावा लागतो आणि ती दमून जाते. आपल्या गटातल्या मुलींना ‘सोपा आहे, चढ’ म्हणून अशा मार्गावर पाठवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. बोटांच्या बारीक भेगांमध्ये मात्र त्याच मुली सहज पुढे जातात आणि जाड बोटांची माणसं खाली बघत राहतात.

तपासा: गटातल्या प्रत्येकाचं माप एका वहीत लिहिलं का? मार्गांची यादी करताना प्रत्येक मार्गासमोर ‘हा कुणाच्या मापाचा’ हे लिहा. ग्रेड त्यानंतर.

## ३. घरी लाकडी भेग बांधा

पुण्यात राहून क्रॅकचा सराव करायचा याहून चांगला उपाय नाही. खर्चही चढाईच्या एका बऱ्या बुटांच्या जोडीहून कमी येतो.

टिंबर मार्केटातून आठ फूट लांब, नऊ-दहा इंच रुंद आणि दीड-दोन इंच जाड अशा सरळ, गाठी नसलेल्या फळ्या घ्या. पातळ प्लायवूड चालत नाही. हात फिरवल्यावर ते बाहेर वाकतं आणि भेग रुंदावते. दोन फळ्या समोरासमोर उभ्या करा, मध्ये लाकडी ठोकळे घाला आणि दोन्ही टोकांना व मध्यभागी १२ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळया आरपार घालून नट-वॉशरने आवळा. ठोकळे बदलले की रुंदी बदलते. ३०, ४०, ५० आणि ६५ मिलिमीटर अशा चार मापांचे ठोकळे करून ठेवा.

फळ्यांच्या कडांना सुताराकडून गोलाई मारून घ्या. धारदार कडेवर मनगट कापलं जातं. आतल्या बाजूला रंगात बारीक चाळलेली वाळू मिसळून एक हात द्या, नाहीतर घामाने लाकूड गुळगुळीत होतं. उभी भेग भिंतीला किंवा गच्चीवरच्या भक्कम लोखंडी चौकटीला बांधा. गच्ची सोसायटीची असेल तर आधी परवानगी घ्या.

सरावाची घाई करू नका. पहिले दोन-तीन आठवडे पाय जमिनीवरच ठेवा. हात भेगेत बसवा आणि अर्धंच वजन टाका. हाताच्या मागच्या बाजूची कातडी आणि घोट्याचे सांधे या भाराला सरावलेले नसतात. नंतर आठवड्यातून तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं, इतकंच. जास्त केलंत तर कातडी सोलते आणि पुढचे दहा दिवस वाया जातात.

### पंजाचा जॅम

जॅम म्हणजे हात किंवा पाय भेगेत अडकवणं. पंजा सरळ, बोटं जुळवून, अंगठा वर अशा स्थितीत भेगेत मनगटापर्यंत घाला. आता अंगठा तळहातात आणा आणि करंगळीच्या मुळाकडे दाबा. पंजाचा मांसल भाग फुगतो, बोटांची टोकं एका भिंतीला आणि गाठी दुसऱ्या भिंतीला दाबल्या जातात. एवढ्यावर वजन टाका. हात कोपरात सरळ ठेवा. वाकवलेल्या हाताने लटकाल तर मिनिटभरात दंड भरून येतील.

चूक इथे होते: माणसं बोटांनी कड पकडायला जातात. भेगेची कड पकडून ओढणं ही वेगळी पद्धत आहे आणि ती फार लवकर थकवते. बोटं सैल, अंगठ्याला काम, असं स्वतःला बजावत राहा.

जॅम नीट बसला की तो हलवायचा नाही. शरीर त्याच्याभोवती वर जातं, हात जागीच राहतो. भेगेत हात घासत वर सरकला की कातडी जाते.

### पायाचा जॅम

गुडघा बाहेर काढा. तळवा आतल्या बाजूला वळवून, अंगठा वर आणि करंगळी खाली अशी पावलाची पुढची बाजू भेगेत घाला. मग गुडघा भेगेच्या रेषेत आणा, पाऊल पिळलं जातं आणि अडकतं. त्यावर सरळ उभे राहा. पावलं छोटी टाका, साधारण दुसऱ्या पायाच्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत. पाय फार वर टाकला की गुडघा रेषेत येत नाही आणि पाऊल निसटतं. फार खोल घातला तर निघत नाही.

सावध: जॅम नीट बसला नाही तर दुखतं. नीट बसल्यावर कातडी थोडी चुरचुरते, पण हाडात कळ जात नाही. बोटाच्या सांध्यात कळ आली तर लगेच हात काढा. अर्धवट बसलेल्या बोटाच्या जॅमवर पाय सुटला तर सांधा दुखावतो आणि सहल तिथेच संपते.

## ४. खऱ्या कातळावर

आता नागफणीच्या किंवा प्लस व्हॅलीच्या परिसरात, जिथे तुमच्या संस्थेची माहितीची जागा आहे तिथे जा. टॉपरोप (वरून आधीच ओवलेला दोर) लावा आणि एकच नियम पाळा: भेगेबाहेरच्या कोणत्याही होल्डला, म्हणजे धरायच्या जागेला, हात लावायचा नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये भेगेशेजारी धरायला काही ना काही असतंच, त्यामुळे आपण आयुष्यभर भेगा टाळून चढतो. युटाच्या विंगेट वालुकाश्मात भेगेच्या दोन्ही बाजू सपाट असतात. धरायला भेगेखेरीज काहीच नसतं.

दुसरा फरक सामानाचा. आपल्या भेगा वेड्यावाकड्या, आत अरुंद होत जाणाऱ्या. त्यात नट (भेगेत अडकवायची धातूची पाचर) बसतो, जुन्या पद्धतीने मेखही बसते. तिकडच्या भेगांच्या भिंती समांतर असल्यामुळे नट सरळ खाली निसटून येतो. तिथे कॅमलाच पर्याय नाही. आणि मेखा ठोकायच्या नाहीत, दगड कायमचा फुटतो.

वालुकाश्माचा स्पर्श आधी अनुभवायचा असेल तर हिवाळ्यात बदामीला जाऊन या. तिथला दगड विंगेटपेक्षा कठीण आहे आणि बहुतेक मार्ग बोल्ट मारलेले, होल्ड धरून चढायचे आहेत. क्रॅकचा सराव मर्यादितच होतो, पण बुटाचं घर्षण कळतं. लेण्यांच्या आणि संरक्षित स्मारकांच्या कातळाला हात लावू नका.

सावध: सह्याद्रीतल्या भेगेत हात घालण्याआधी आत बघा. साप असू शकतो. आजूबाजूच्या कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर तो दिवस सोडून द्या.

तपासा: टॉपरोपवर, बाहेरचा होल्ड न धरता, न लटकता एक पूर्ण लांबीची भेग चढता येते का? मध्येच थांबून, एका जॅमवर लटकून, मोकळ्या हाताने कॅम लावून काढता येतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर लीडला अजून वेळ आहे.

## ५. कॅमचा हिशेब

सह्याद्रीत प्रत्येक मापाचा एकेक कॅम असला तरी भागतं. इंडियन क्रीकमध्ये पूर्ण मार्ग एकाच मापाचा असू शकतो. त्यामुळे एकाच मार्गाला एकाच रंगाचे पाच, सहा, कधी त्याहून जास्त कॅम लागतात. एकट्याने इतके विकत घेणं परवडत नाही आणि गरजही नाही.

चार जणांचा गट करा. प्रत्येकाकडे काय आहे ते लिहा. मधल्या मापांचे, म्हणजे ०.५ ते ३ नंबरचे, सगळ्यांचे मिळून किमान चार-चार जमले पाहिजेत. मग पहिल्या यादीतल्या मार्गांना ज्या मापाची भूक जास्त आहे, बहुतेक १, २ आणि ३, त्याचे आणखी दोन-तीन जमवा. दोन्ही जोड्या एकाच भिंतीखाली राहून सामान वाटून घ्या. मोआबमध्ये भाड्याने काय मिळेल हे पत्र पाठवून आधीच विचारून ठेवा. चौघांचे कॅम एकत्र झाले की कुणाचा कोणता कळत नाही. खुणेसाठी धातूच्या भागावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, कापडी स्लिंगवर नको. त्यातल्या रसायनाने धागा खराब होऊ शकतो.

मऊ दगडात कॅम लावण्याची शिस्त वेगळी आहे.

कॅम निम्म्याहून जास्त दाबलेला असला पाहिजे. जेमतेम टेकलेला कॅम पडण्याचा झटका बसला की दगड खरवडत खाली येतो. मात्र पूर्ण आवळलाही जाऊ देऊ नका, मग तो काढता येत नाही. कडेवर लावू नका, थोडा आत बसवा. कडेचा दगड फुटतो. आधीच्या लोकांच्या कॅमने खोबण पडलेली असेल तर त्या जागेच्या वर किंवा खाली लावा. चारही पाकळ्या दगडाला टेकल्या आहेत का, हे डोळ्यांनी बघा.

पहिला कॅम उपटला तर तुम्ही थेट जमिनीवर येता. म्हणून पहिले दोन कॅम एकमेकांजवळ लावा. नंतर अंतर वाढवलं तरी चालेल.

एक सवय फार धोकादायक आहे. कॅम कमी पडताहेत म्हणून लोक एकच कॅम वर वर सरकवत नेतात आणि खाली काही ठेवतच नाहीत. सरकवायचाच असेल तर खाली ठरावीक अंतरावर पक्के कॅम सोडत जा. तेवढे कॅम नसतील तर तो मार्ग आज तुमचा नाही.

## ६. दोर, बूट आणि टेप

तिथे ६० मीटरचा दोर अनेक मार्गांना पुरत नाही. ७० मीटरचा न्या, साडेनऊ मिलिमीटर किंवा थोडा जाड. मार्गांची लांबी फुटांत दिलेली असते, ती ३.२८ ने भागा. ७० मीटरच्या दोराने जास्तीत जास्त ३५ मीटरवरून, म्हणजे साधारण ११५ फुटांवरून, खाली सोडता येतं. त्याहून लांब मार्ग असेल तर ८० मीटरचा दोर किंवा दोन दोर हवेत. दोराखाली घालायला एक ताडपत्री ठेवा, वाळू शिरलेला दोर लवकर झिजतो आणि अँकरच्या कड्याही झिजवतो.

बूट सपाट, ताठ तळव्याचे आणि बोटं न दुमडता बसतील इतके सैल. कृत्रिम भिंतीवरचे पुढे वाकलेले घट्ट बूट भेगेत पिळले की नखं काळी पडतात. घोटा झाकणारे असतील तर उत्तम.

हातांसाठी तयार क्रॅक ग्लोव्ह मिळतात. बारीक भेगांमध्ये मात्र टेप बरा, कारण तो पातळ असतो. न ताणणारी झिंक ऑक्साईडची दीड इंची पट्टी घ्या आणि इथेच बांधायचा सराव करा:

१. हात साबणाने धुऊन कोरडे करा. टेप निसटत असेल तर हाताच्या मागच्या बाजूला औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर बेन्झॉईन पुसा आणि चिकट होईपर्यंत थांबा.

२. पंजा पसरा आणि मनगट किंचित पुढे वाकवा. गाठींपासून मनगटापर्यंत मागच्या बाजूवर आडव्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवत लावा.

३. पट्टी उभी फाडून निम्म्या रुंदीची करा. ती तर्जनी आणि करंगळीच्या मुळाभोवती फिरवून दोन्ही टोकं मनगटाकडे आणा. जमलं तर मधल्या बोटांनाही.

४. शेवटी मनगटाभोवती दोन वेढे द्या, आवळू नका. तळहात उघडा राहिला पाहिजे.

तपासा: मूठ वळा. टेप ताणून फाटत असेल तर हात फार सरळ ठेवून बांधला आहे. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर वेढे सैल करा.

दिवस संपल्यावर टेप ओरबाडू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला कात्रीने कापा आणि हातमोज्यासारखा काढा. दुसऱ्या दिवशी तोच घालून फक्त मनगटावर नवा वेढा द्यायचा.

## ७. कागद आणि सामान

भाड्याची गाडी लागणारच. पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, तो वर्षभर चालतो. सॉल्ट लेक सिटीहून मोआबपर्यंत साधारण चार तासांचा रस्ता आहे, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आहे आणि शरीराच्या घड्याळात साडेअकरा तासांचा फरक पडलेला आहे. उतरल्या दिवशीच गाडी दामटू नका.

प्रवास विम्याच्या कागदावर ‘साहसी खेळ’ या शीर्षकाखाली काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा. अनेक पॉलिसी दोर वापरून केलेली चढाई वगळतात. वेगळं संरक्षण लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कॅम, कॅराबिनर, हार्नेस चेक-इन बॅगेत. स्टोव्हच्या गॅसचा डबा विमानात कशातच नेता येत नाही, तिकडे घ्या. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी नेणार असाल तर तिथल्या कस्टम्सकडे खाद्यपदार्थ असल्याचं जाहीर करा.

सावध: इंडियन क्रीकमध्ये मोबाईलला रेंज धरू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण तिथे उपयोगी आहे, पण ते विकत घेऊन भारतात आणू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे आणि विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे. तिकडेच भाड्याने घ्या आणि परत करून या.

## ८. पोचल्यावर: आधी आभाळ बघा

छावणीच्या जागांवर पाणी नाही. मोआबमध्ये मोठे कॅन भरून घ्या. माणशी दिवसाला चार लिटर ही किमान गरज, स्वयंपाकाचं पाणी वेगळं. वसंतात दिवसा ऊन कडक आणि रात्री तापमान शून्याखाली, त्यामुळे झोपण्याची पिशवी चांगली हवी. काही छावण्यांवर शौचालय आहे, भिंतींखाली नाही. तिथे विष्ठा खास पिशवीत भरून परत आणायची. रुक्ष वाळवंटात ती कुजत नाही.

भिंतीकडे जाताना मळलेली वाट सोडू नका. वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो, तो जिवंत असतो. एका पावलाने मोडला तर भरून यायला अनेक वर्षं लागतात. या परिसरात कातळावर कोरलेली जुनी चित्रं आहेत आणि होपी, नावाहो, युट, झुनी या मूळ रहिवासी लोकांसाठी ही भूमी पवित्र आहे. चित्रांना हात लावू नका, त्यांच्याजवळ चढू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम. पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर चढायचं नाही. वालुकाश्मात वाळूचे कण ज्या द्रव्याने धरलेले असतात ते पाण्याने सैल होतं. भेग आतून पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात गुळाची ढेप वरून कोरडी दिसते आणि आत पाझरलेली असते, तसा हा दगड. ओल्या दगडात कॅम उपटतो, बोल्ट सैल होतो, होल्ड तुटतो, आणि मार्ग पुढच्यांसाठी कायमचा बिघडतो. हलक्या सरीनंतर किमान एक दिवस, जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा. थंडी आणि सावली असेल तर त्याहून जास्त.

तपासा: भिंतीखालची वाळू चार बोटं उकरून बघा. आत ओलसर लागली तर दगडही ओला आहे, वर कितीही कोरडा दिसो. ‘इतक्या लांबून आलोय’ हे कारण दगडाला कळत नाही. म्हणूनच सहलीत दोन-तीन दिवस राखीव ठेवायचे.

## ९. पहिले मार्ग

पहिल्या दिवशी लीड नको. डॉनेली कॅनियनमधल्या सोप्या मार्गांवर टॉपरोप लावून दगडाची ओळख करून घ्या. तिथला ‘जेनेरिक क्रॅक’ लांब, मुख्यतः पंजाच्या मापाचा आहे. त्यावर पायाला किती विश्रांती देता येते हे कळतं.

लीड करताना क्रम असा ठेवा. खालून भेग नीट वाचा, कुठे कोणता रंग लागेल ते ठरवा. कॅम त्याच क्रमाने हार्नेसला अडकवा, सर्वांत जास्त लागणारा रंग ज्या हाताला सोयीचा त्या बाजूला. चढताना कॅम छातीच्या उंचीवर लावा. डोक्यावर हात ताणून लावाल तर दोर ओढताना जास्तीचा दोर सुटलेला असतो, आणि नेमका त्या क्षणी पाय घसरला तर लांब पडाल. चांगला जॅम मिळाला की तिथेच थांबून श्वास घ्या, हात झटका. दम संपल्यावर थांबायचं ठरवणाऱ्याला थांबायला जागा मिळत नाही.

बिलेअरने हेल्मेट घालावं आणि चढणाऱ्याच्या थेट खाली उभं राहू नये.

ऊन कोणत्या भिंतीवर कधी येतं त्याप्रमाणे भिंत निवडा. थंड सकाळी उन्हातली, तापलेल्या दुपारी सावलीतली. घामट हात भेगेत राहत नाहीत.

## १०. खाली येताना

सावध: दोराच्या शेवटी गाठ मारलेली आहे का, हे बिलेअरने आणि चढणाऱ्याने दोघांनी बघायचं. लांब मार्गांवर दोर संपून होणारे अपघात या एका गाठीने टळतात.

अँकरला पोचल्यावर ‘खाली सोड’ आणि ‘मी स्वतः उतरतोय’ यातलं काय करणार हे जमिनीवर असतानाच ठरवा. वरून आवाज नीट ऐकू येत नाही. अनेक जण त्याच मार्गावर टॉपरोप करणार असतील तर दोर तुमच्या स्वतःच्या कॅराबिनरमधून न्या. कायमच्या कड्यांमधून फक्त शेवटचा माणूस दोर ओवून उतरेल. उतरताना दोर भेगेत शिरत नाही ना, इकडे लक्ष ठेवा. शेवटी दोर ओढताना तो सावकाश ओढा.

## ११. पुण्यात परतल्यावर

सामान तसंच बॅगेत पडू देऊ नका. कॅमच्या पाकळ्यांमध्ये बारीक वाळू बसलेली असते. कोमट पाण्यात बुडवून ट्रिगर वारंवार ओढा, जुन्या दातब्रशने सांधे घासा, सावलीत पूर्ण वाळवा. मग कॅमसाठी मिळणारं मेणयुक्त वंगण धातूच्या सांध्यांना लावा. शिवणयंत्राचं तेल नको, त्याला धूळ चिकटते. कापडी स्लिंगला काहीच लागू देऊ नका. दोर थंड पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि हातातून पूर्ण लांबी सरकवत मऊ पडलेली किंवा फुगलेली जागा शोधा. टोकाजवळ सापडली तर तेवढा भाग कापा आणि नवी लांबी दोरावर लिहून ठेवा. मध्यभागी सापडली तर तो दोर चढाईसाठी पुन्हा वापरू नका.